भाऊबंदकी : नारायणराव पेशव्यांचा वध आणि मराठी शोकात्मिका

भाऊबंदकी : कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे १९०९ साली रंगभूमीवर आलेले गद्य ऐतिहासिक नाटक. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणराव पेशव्यांचा वध, त्यामागील राघोबादादा (रघुनाथराव) व आनंदीबाई यांची सत्ताकांक्षा आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दिलेला निवाडा हा त्याचा विषय आहे. महत्त्वाकांक्षा, आप्तरक्ताचा पात आणि त्यानंतर मनाला लागणारी टोचणी यांचे विल्यम शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथ या शोकात्मिकेत जे दर्शन घडते, त्याच्याशी या नाटकाचे निकटचे नाते आहे. एका सत्य घटनेचे शोकात्मिकेत रूपांतर होताना इतिहासातील व्यक्तींचे काय होते, कोणाच्या पदरी न्याय पडतो व कोणावर डाग राहतो, हे समजून घेण्यासाठीही ते महत्त्वाचे आहे.

मॅक्‌बेथचा आदर्श : मॅक्‌बेथ ही शेक्सपिअरची सर्वांत लहान शोकात्मिका साधारणतः १६०६ च्या सुमारास लिहिली गेली आणि १६२३ च्या समग्र नाट्यसंग्रहात प्रथम प्रसिद्ध झाली. तीन चेटकिणींच्या भविष्यवाणीने व पत्नीच्या प्रोत्साहनाने स्कॉटलंडचा सरदार मॅक्‌बेथ आपल्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या डंकन राजाला झोपेत ठार मारतो व सिंहासन बळकावतो. एका खुनामागून दुसरा खून करणे त्याला भाग पडते. त्याची झोप नाहीशी होते. मेजवानीत त्याला मारलेल्या बँकोचे भूत दिसते. आरंभी निर्धाराने वागणारी त्याची पत्नी पुढे झोपेत चालू लागते आणि हाताला लागलेले रक्त धुऊनही जात नाही, या भ्रमाने झुरून मरते. अपराध्याच्या मनात शिरून त्याच्याच डोळ्यांनी अपराध पाहावयास लावणे, हे या नाटकाचे वैशिष्ट्य होय. प्रेक्षक मॅक्‌बेथचा तिरस्कार करतो आणि त्याच वेळी त्याच्या यातनांत सहभागी होतो.

हे नाटकही इतिहासाशी प्रामाणिक नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेक्सपिअरने कथानक हॉलिनशेडच्या बखरीवरून घेतले. खरा डंकन वृद्ध नव्हता आणि तो शय्येवर मारला गेला नाही. १०४० मध्ये तो लढाईत पडला. त्यानंतर मॅक्‌बेथने १०५७ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षे राज्य केले. पत्नीच्या चिथावणीने पाहुण्या राजाला झोपेत मारल्याचा वृत्तांत हॉलिनशेडने डफ नावाच्या दुसऱ्याच एका राजाविषयी दिला आहे. शेक्सपिअरने तो उचलून मॅक्‌बेथच्या कथेत बसविला. मॅक्‌बेथची पत्नी ग्रुओख हिचे नाव उपलब्ध नोंदीत आढळते, ते पतीसह लॉख लेव्हेन येथील धर्मोपासकांना भूमिदान देणारी राणी म्हणून. बँको हे पात्र तर काल्पनिकच होय. परंतु १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेल्या जेम्स राजाचे घराणे आपली परंपरा बँकोपासून सांगत असल्याने नाटकात त्याला उजळ स्थान मिळाले. नाटककाराच्या प्रतिभेने रंगविलेली राणी एवढी प्रभावी ठरली, की दानपत्रातील राणी विस्मृतीत गेली.

ऐतिहासिक घटना : नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूनंतर (१७६१) त्यांचे दुसरे पुत्र माधवराव पेशवेपदावर आले. त्यांचे चुलते रघुनाथराव (१७३४–८३) हे उत्तरेतील मोहिमांनी नावारूपाला आलेले पराक्रमी, परंतु चंचल वृत्तीचे पुरुष होते. राज्याच्या कारभारात आपणास निर्णायक वाटा असावा, अशी त्यांची आकांक्षा होती. १७६२ मध्ये त्यांनी निजामाची मदत घेऊन आळेगाव येथे पुतण्याचा पाडाव केला. पुढे १७६८ मध्ये धोडप येथे माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे क्षयाने निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी धाकट्या भावाचा हात चुलत्याच्या हाती दिला होता. त्यानंतर सतरा वर्षांच्या नारायणरावांना (१७५५–७३) पेशवाईची वस्त्रे मिळाली.

चुलत्या-पुतण्यांचा सलोखा फार दिवस टिकला नाही. रघुनाथरावांवरील पहारा पुन्हा कडक झाला. नारायणराव वयाने लहान, तापट आणि कारभारात अननुभवी होते; त्यांच्या वागण्याने काही मुत्सद्दी व सेवक दुखावले गेले. वाड्यातील पहाऱ्यावर असलेल्या गारद्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ हे गारद्यांचे प्रमुख आणि तुळाजी पवार हा खासगीतील सेवक यांच्याशी रघुनाथरावांच्या पक्षाचे संधान जुळले. नारायणरावांना पकडून रघुनाथरावांना मोकळे करावे, असा मूळ बेत होता, असे मानले जाते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, दुपारी गारदी पगाराचा तगादा लावीत वाड्यात घुसले. अडविणारे सेवक कापले गेले. नारायणराव धावत चुलत्याच्या महालात गेले आणि त्यांनी त्यांना मिठी मारली. याच प्रसंगातून ‘काका, मला वाचवा’ हे शब्द महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले आहेत. रघुनाथरावांनी मध्ये पडण्याचा प्रयत्न केला, परंतु इतक्या पुढे आल्यावर पुतण्याला जिवंत सोडल्यास आपला नाश अटळ आहे, असे सांगून सुमेरसिंगाने त्यांनाच धाक घातला, असा वृत्तांत ग्रँट डफ याने दिला आहे. नारायणरावांच्या अंगावर पडून त्यांना वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही त्यांच्याबरोबर मारला गेला. त्या दिवशी वाड्यात ब्राह्मण कारकून, सेवक व दासी अशी सुमारे अकरा माणसे प्राणास मुकली, असे सांगितले जाते. वाड्याच्या एका दरवाजाला पुढे नारायण दरवाजा हे नाव पडले.

या कटाचे धागे पुण्याबाहेरही पोहोचले होते. नागपूरकर जानोजी भोसले १७७२ मध्ये निपुत्रिक वारल्यावर त्यांचे बंधू साबाजी व मुधोजी यांच्यात वारसाचा तंटा लागला. नारायणरावांनी साबाजींचा पक्ष उचलून धरल्यामुळे मुधोजींचा कल रघुनाथरावांकडे झाला, आणि मुधोजींच्या पुण्यातील वकिलांची नावे कटाशी जोडली गेली. आजच्या वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर, हिंगणघाट हा मुलूख तेव्हा याच भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. पुण्यातील रक्तपातानंतर दीड वर्षाने, २६ जानेवारी १७७५ रोजी, नागपूरजवळ पाचगाव येथे दोघे भाऊ समोरासमोर आले आणि साबाजी रणांगणावर मारले गेले. त्याच घराण्यात १८१७ च्या फेब्रुवारीत दुर्बल परसोजी भोसले यांचा मृत्यू झाला. तो त्यांचे चुलत बंधू आप्पासाहेब यांनी घडवून आणलेला खून होता, असे पुढे उघडकीस आले. आप्पासाहेबांना गादी वर्षभरच लाभली. सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) ते पदच्युत झाले व परागंदा अवस्थेत १८४० मध्ये जोधपूर येथे मरण पावले. वऱ्हाड-नागपुरातील या घटनांना पुण्याच्या घटनेइतकी नाट्यकीर्ती लाभली नाही. तथापि भाऊबंदकी हा एका घराण्याचा अपवादात्मक दोष नव्हता, हे त्यांवरून दिसते. वंशपरंपरागत पद, वारसाचा निश्चित नियम नसणे आणि वेतनासाठी लढणाऱ्या पलटणी यांतून असे प्रसंग वारंवार उद्‌भवत.

रामशास्त्री यांचा निवाडा : वधानंतर रघुनाथरावांनी पेशवाईची वस्त्रे मिळविली. रामशास्त्री प्रभुणे (मृत्यू १७८९) हे साताऱ्याजवळील माहुलीचे. १७५९ पासून ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता खुनाचा तपास सुरू केला. सुमारे सहा आठवड्यांच्या चौकशीनंतर त्यांनी प्रत्यक्ष पेशव्यांनाच दोषी धरले. या पातकाला कोणते प्रायश्चित्त आहे, अशी पृच्छा रघुनाथरावांनी केली असता, देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे सांगून शास्त्रीबोवांनी पद सोडले व वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहणे पसंत केले, असा वृत्तांत परंपरेने चालत आला आहे. निःस्पृह न्यायाला ‘रामशास्त्री बाणा’ म्हणण्याचा प्रघात त्यावरूनच पडला.

हा निवाडा अमलात आला नाही. रघुनाथराव निजाम व हैदर यांच्यावरील स्वारीसाठी पुण्याबाहेर पडताच सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृतींनी ‘बारभाईंचे कारस्थान’ उभारले. नारायणरावांची गर्भवती पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाला, सवाई माधवरावांना, पेशवेपद मिळाले. अधिकारच्युत झालेले रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले व मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेचा तह केला. साष्टी व वसई देऊ करणाऱ्या या तहातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध (१७७५–८२) उद्‌भवले. सालबाईच्या तहाने ते संपले. रघुनाथरावांना निर्वाहाची नेमणूक मिळाली आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला. प्रत्यक्ष हत्यारे चालविणाऱ्या गारद्यांपैकी काही जणांना पकडून देहदंड देण्यात आला. ज्याच्यावर देहान्ताचा निवाडा झाला होता, तो शय्येवर मेला. इतिहासाने न्याय जेथे अर्धवट सोडला, तेथूनच नाटकाला वाव मिळाला.

‘ध’ चा ‘मा’ : गारद्यांना दिलेल्या आज्ञापत्रात रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, त्याचे ‘मारावे’ असे आनंदीबाईंनी केले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) ती आली आहे. त्या ग्रंथाचे मराठी भाषांतर लवकरच झाल्यामुळे ती शाळांतून व घराघरांतून रुजली. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आजही मराठीत रूढ आहे. तथापि असे खाडाखोड केलेले मूळ पत्र पुढे आलेले नाही आणि आनंदीबाईंच्या हातून हे कृत्य झाले, असे ठरविण्यास निर्णायक पुरावा नाही. यामुळे इतिहासकार या गोष्टीकडे सामान्यतः दंतकथा म्हणूनच पाहतात. कट रघुनाथरावांच्या पक्षाचा होता, याविषयी मात्र मतभेद नाही.

या आख्यायिकेचे कार्य मार्मिक आहे. ‘धरावे’ एवढीच आज्ञा दिली असे मानले, की पराक्रमी चुलता खुनी न ठरता दुबळा ठरतो. उरलेला दोष पत्नीच्या लेखणीवर जातो. पातकाची एवढी सोयीस्कर वाटणी प्रत्यक्ष व्यवहारात क्वचितच आढळते. गुहागरच्या ओक घराण्यातील आनंदीबाई या रघुनाथरावांच्या द्वितीय पत्नी होत. १७७४ मध्ये पतीचा पक्ष मोडत असताना त्या धार येथे आश्रयाला होत्या. तेथेच १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. पतीच्या मृत्यूनंतर मुलांसह त्यांचे आयुष्य पुण्याच्या कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली गेले आणि १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपाची कोणत्याही न्यायासनापुढे शहानिशा झाली नाही. त्यांच्या विरोधी पक्षाने लिहिलेला इतिहास आणि लोकांनी रचलेली कथा यांनीच त्यांचा निकाल लावला.

मराठी रंगभूमीवरील पूर्वपरंपरा : संस्कृत नाट्यशास्त्राला रंगमंचावर मृत्यू दाखविणे संमत नव्हते व नाटकाचा शेवट सुखात व्हावा, असा संकेत होता, भासाचे ऊरुभंग हा विरळ अपवाद होय. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी सुरू केलेल्या नाट्यखेळांचा भरही पौराणिक आख्यानांवर होता. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या थोरले माधवराव पेशवे (१८६१) या नाटकाने ऐतिहासिक विषय व शोकपर्यवसायी शेवट या दोन्ही गोष्टी मराठीत आणल्या. इंग्रजी विद्येच्या प्रसाराबरोबर शेक्सपिअरची नाटके पाठ्यपुस्तकांतून शिकविली जाऊ लागली व त्यांची भाषांतरे आणि रूपांतरे होऊ लागली. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे ऑथेल्लो (१८६७), गोपाळ गणेश आगरकर यांचे विकारविलसित (१८८३) हे हॅम्लेटचे रूपांतर आणि गोविंद बल्लाळ देवल यांचे झुंजारराव ही त्यांपैकी प्रमुख होत. मॅक्‌बेथचे रूपांतर शिवराम महादेव परांजपे यांनी मानाजीराव या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले.

रूपांतरात मराठी नावे व पेहराव आले, तरी कथा परकीयच राहत असे. ज्यांच्या वंशजांना प्रेक्षक ओळखत आणि ज्यांच्या वाड्याचे दरवाजे पुण्यात उभे होते, अशा माणसांतून तीच शोकात्मिका उभी करणे, हे खाडिलकरांनी साधलेले पुढचे पाऊल होय. १८९३ मध्ये लिहिलेल्या सवाई माधवरावांचा मृत्यू या नाटकात त्यांनी हॅम्लेट व ऑथेल्लो यांतील स्वभावरेखांचा उपयोग केला होता. नारायणरावांच्या पुत्राच्या मृत्यूपासून निघून ते भाऊबंदकीत पित्याच्या वधापर्यंत आले. म्हणजे परिणामाकडून कारणाकडे त्यांचा प्रवास झाला.

नाटकाचे स्वरूप : भाऊबंदकी हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. राघोबा मनाने दुबळा, मोठेपणाचा भुकेला, पण पुतण्याविषयी माया असलेला दाखविला आहे. आनंदीबाई त्याच्या आकांक्षेला शब्द व धार देते. लेडी मॅक्‌बेथप्रमाणे ती पतीच्या कचरण्याचा उपहास करते आणि कृत्य घडल्यावर त्याला सावरते. ‘ध’ चा ‘मा’ ही आख्यायिका नाटककाराने कथानकाचा कणा म्हणून वापरली आहे. त्यामुळे राघोबाचा अपराध आणि त्याची कल्पना यांत एक फट निर्माण होते, व त्या फटीतून पश्चात्तापाचे नाट्य फुलते. जे आपण पुरतेपणी इच्छिले नव्हते, ते आपल्याच नावाने घडले, ही राघोबाची वेदना मॅक्‌बेथच्या वेदनेहून निराळी आहे. मॅक्‌बेथ स्वतःच्या हातांनी खून करतो. राघोबाचे हात स्वच्छ राहतात आणि तरीही तो सुटत नाही.

दोन्ही नाटकांतील मुख्य भेद न्यायाच्या स्थानात आहे. मॅक्‌बेथमध्ये अपराध्याचे न्यायासन त्याच्या मनातच भरते. बाहेरचा निकाल तलवारीने लागतो. भाऊबंदकीत मात्र रामशास्त्री हे पात्र खुल्या दरबारात उभे राहून प्रत्यक्ष राज्यकर्त्याला देहान्त प्रायश्चित्त सुनावते, आणि हाच नाटकाचा उत्कर्षबिंदू ठरतो. पाप हे केवळ मनाचे दुखणे नाही. ते उघड बोलून दाखविले पाहिजे, त्याला नाव दिले पाहिजे व त्याचे प्रायश्चित्त ठरले पाहिजे, ही धर्मशास्त्रीय धारणा येथे नाट्यरूप पावली आहे. शेक्सपिअरच्या शोकात्मिकेने मराठी नाटककाराला अपराधी मनाचे चित्रण दिले. न्यायाधीशाची निर्भय वाणी ही मात्र त्याला स्वतःच्या इतिहासातून मिळाली.

या वाणीला तत्कालीन अर्थही होता. खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे सहकारी व केसरीच्या संपादकवर्गातील लेखक होते. १९०७ च्या डिसेंबरात सुरत येथे राष्ट्रीय सभेत फूट पडली. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. खाडिलकरांच्या कीचकवध (१९०७) या नाटकावर पुढे १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. घरातील फुटीने परक्याला वाट मिळते, हे कथानक आणि सत्ताधीशासमोर न डगमगणारा न्यायाधीश हे पात्र त्या काळच्या प्रेक्षकाला केवळ पेशवाईपुरते वाटणे शक्य नव्हते.

पुढील प्रभाव : रामशास्त्री यांच्या चरित्रावर प्रभात कंपनीने रामशास्त्री (१९४४) हा चित्रपट काढला. त्यात गजानन जागीरदार यांनी रामशास्त्री यांची व ललिता पवार यांनी आनंदीबाईंची भूमिका केली. मुंबई मराठी साहित्य संघाने भाऊबंदकीचे पुनरुज्जीवन केले व १९५४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य महोत्सवात त्याचा प्रयोग गाजला. नानासाहेब फाटक यांचा राघोबा आणि दुर्गा खोटे यांची आनंदीबाई या भूमिका विशेष नावाजल्या गेल्या. त्याच सुमारास विष्णु वामन शिरवाडकर यांनी मॅक्‌बेथचे राजमुकुट (१९५४) हे रूपांतर केले आणि त्यातील राणीची भूमिकाही दुर्गा खोटे यांच्याकडेच आली. आनंदीबाई व लेडी मॅक्‌बेथ या दोन व्यक्तिरेखा मराठी प्रेक्षकाच्या मनात किती एकरूप झाल्या होत्या, याचे हे बोलके उदाहरण आहे. आपापल्या इतिहासाच्या साच्यात मॅक्‌बेथ ओतण्याची ही प्रवृत्ती अन्यत्रही दिसते; जपानी दिग्दर्शक आकिरा कुरोसावा यांनी १९५७ मध्ये तीच कथा सामुराईंच्या अंतर्गत युद्धांच्या काळात नेऊन चित्रपट काढला.

मूल्यमापन : ऐतिहासिक नाटकाने इतिहासाचा प्रत्येक तपशील सांभाळावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु भाऊबंदकीचे यश एवढे मोठे होते, की पुढील पिढ्यांना नारायणरावांच्या वधाचा इतिहास मुख्यतः त्याच्याच रंगात दिसू लागला. या यशाची एक बाजू उजळ आहे. न अमलात आलेला निवाडा नाटकाच्या प्रत्येक प्रयोगात पुन्हा दिला गेला. सत्तेहून न्याय मोठा, ही गोष्ट सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ठसली आणि रामशास्त्री हे नाव मराठी भाषेतच एक मूल्य बनून राहिले. दुसरी बाजू आनंदीबाईंची आहे. ज्या आरोपाला निर्णायक पुरावा नाही, तो रंगभूमीवर निर्विवाद सत्याच्या थाटात मांडला गेला; आणि पुराव्यावाचून कोणाला दोषी न धरणाऱ्या न्यायाधीशाचा गौरव करणाऱ्या नाटकातच एका स्त्रीला पुराव्यावाचून दोषी धरले गेले. स्कॉटलंडच्या ग्रुओख राणीचेही नेमके हेच झाले.

महत्त्वाकांक्षा, रक्तपात व अपराधाची जाणीव यांवरील श्रेष्ठ शोकात्मिका प्रेक्षकाला अपराध्याच्या जवळ नेते, हे तिचे सामर्थ्य होय. भाऊबंदकीने राघोबापुरते ते सामर्थ्य दाखविले. त्याच्या दुबळेपणात प्रेक्षकाला स्वतःचे दुबळेपण ओळखता आले. आनंदीबाईंच्या वाट्याला ही सहानुभूती आली नाही. कागदपत्रांचा आधार घेऊन त्या कालखंडाचे पुनर्लेखन करणाऱ्या इतिहासकारांमुळे ‘ध’ चा ‘मा’ ही कथा पुरावा या पदावरून दंतकथेच्या स्थानी आली आहे. शनिवारवाड्याचा आतील भाग १८२८ मध्ये आगीत जळाला. तटबंदी व दरवाजे उरले. नारायणरावांच्या वधाच्या स्मृतीचेही काहीसे असेच आहे : घटनेची चौकट निश्चित आहे, आणि आतील दालने मुख्यतः नाटकाने उभारलेली आहेत.